काली पुतली चौकात तू मान वळवलीस

अवि, गेल्या महिनाभरात घरी भेटायला आलेल्या माणसांनी तुझ्याबद्दल जे जे सांगितलं ते सगळं खरं आहे, आणि अर्धं आहे. बालाघाटजवळच्या उकव्याच्या खाणीत तुझ्यासारखा इलेक्ट्रिशियन नव्हता म्हणतात. कुणाच्या शेतातली मोटर तू रविवारी जाऊन सुरू करून दिलीस, कुणाच्या लग्नात ऐन वरात दारात असताना लाइट गेली आणि तू जेवणावरून उठून खांबापर्यंत गेलास. "सोन्यासारखा माणूस होता," असं म्हणून ते पाणी पितात. मी मान हलवते. उरलेलं अर्धं कुणी काढत नाही, आणि मीही काढत नाही. ते निघतं ती माणसं गेल्यावर, माझं एकटीचं. म्हणून आज लिहायला बसले.

मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तू दुसरीत होतास. तुझा ताप, तुझं पोट, तुझे मार्क, सगळं मला आधी कळायचं आणि मग बाबांना. हे एक मात्र मला पेपरातून कळलं. नागपूरला मोर्चा निघाला होता, समलिंगी लोकांचा. आतल्या पानावर फोटो होता. सात-आठ जण रंगीत पट्ट्यांचा लांब झेंडा धरून चाललेले, निम्म्यांच्या तोंडावर पुठ्ठ्याचे मुखवटे. मी पान उलटणारच होते. पण डावीकडून तिसऱ्या माणसाचा डावा खांदा जरासा खाली होता. पेरूच्या झाडावरून पडून तो खांदा मोडला तेव्हा सहा आठवडे मीच तुला आंघोळ घालत होते, शर्ट घालून देत होते. तो खांदा ओळखायला मला चेहरा कशाला लागतो?

पुढच्या रविवारी तू नेहमीसारखा उकव्याच्या बसने आलास. बाबा बाहेर खाटेवर होते. मी स्वयंपाकघरात पेपर तुझ्यापुढे ठेवला.

"हा तू हायेस?"

तू फोटोकडे बघितलंस. "हौ."

"मंग तोंड काहून झाकलं?"

"तुमच्यासाठी. बाबांले कोणी काही बोलू नये, तुले बोलू नये."

"एवढी काळजी होती तर जायचंच कायले?"

तू पेपरची घडी घातलीस. मग म्हणालास, "ताई, तोंड झाकेल होतं. पण बाकीचा सगळा मी होतो. असा मी रस्त्यानं कधी चाललोच नव्हतो."

मी विचारलं, जेवतोस का. तू जेवलास. मी तेव्हा तुला जवळ घेतलं नाही. रागावलेही नाही, हे खरं. लोकांना मी तेवढंच सांगते, म्हणजे सांगायची वेळ आली तर सांगेन, की मी रागावले नाही. पण रागावणं आणि जवळ घेणं यांच्यामध्ये फार मोठी जागा असते, आणि मी पुढची सगळी वर्षं त्या जागेत उभी राहिले.

त्यानंतर रविवारी बाबा झोपले की तू मला सांगायला लागलास. मी तांदूळ निवडायची आणि तू ओट्याला टेकून बोलायचास. अमेरिकेत एका बारवर पोलिसांची धाड पडली, लोक चिडून उठले, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसाची आठवण म्हणून रस्त्याने चालले. दिल्लीत पोलिसांच्या मोठ्या ऑफिससमोर मूठभर माणसं धरणं धरून बसली. कलकत्त्यात पहिल्यांदा निघाले तेव्हा वीस जणही नव्हते, आणि बघणाऱ्यांना कळलंच नाही की ही मंडळी कोण. तू हे असं सांगायचास, जसं बाबा आपल्या आजोबा-पणजोबांचं सांगायचे, विदर्भातून कोण कधी इकडे बालाघाटला आलं, कोणाला कुठली नोकरी लागली. तुला खानदान सापडलं होतं. मी एकदा म्हणाले, "अमेरिकेचं अमेरिकेत राहू दे ना." तू हसलास. "तुह्या मिक्सरची मोटर तरी कुठं बालाघाटात शोधली कोणी?"

तुम्हाला गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याचा निकाल लागला तो दिवस आठवतो? आधी एका कोर्टाने हो म्हटलं होतं, मग वरच्या कोर्टाने नाही म्हटलं, आणि आता पुन्हा हो. तू आठवड्याच्या मधल्याच वारी रजा टाकून पेढ्यांचा डबा घेऊन आलास. बाबांच्या हातावर पेढा ठेवलास.

"काहून रे पेढे?"

"कोर्टात एक केस जिंकली, बाबा. आपल्या ओळखीच्या लोकांची."

"जमिनीची का?"

तू माझ्याकडे बघितलंस. "हौ, जमिनीचीच म्हणा."

"किती वर्षं चालली?"

"लई वर्षं. चालवणारे काही मरून बी गेले."

बाबांनी पेढा तोंडात टाकला. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेलं, जमिनीच्या केसेस त्यांना चांगल्या ठाऊक. म्हणाले, "चला, पाय ठेवाले जागा तर झाली." आणि अजून एक पेढा मागितला. तू मागच्या अंगणात जाऊन नळ सोडून तोंड धूत राहिलास, बराच वेळ. बाबा दीड वर्षाने गेले. त्यांना कळलं होतं का, यावर आपण दोघांनी किती वाद घातला! तू म्हणायचास, कळलं होतं. मी म्हणायची, नाही. आता मला वाटतं, तुझंच खरं असावं. पण हे सांगायला उशीर झाला.

बाबा गेल्यावर तू मुखवटा सोडलास. भोपाळला, नागपूरला उघड्या तोंडाने चाललास. फोटो पाठवायचास, मी बघून डिलीट करायची. आणि मग तू तो विषय काढलास. म्हणालास, "इथं मोर्चा काढायचा."

"इथं काहून? नागपूर काय लांब हाये का?"

"नागपुरात मले कोण ओळखते? दहा हजार लोकांसमोर चाललो तरी अनोळखीच. इथं भाजीवाला ओळखते, शाळेतले मास्तर ओळखतात. जिथं ओळखतात तिथं चाललो तरच चाललो ना."

"आणि जिथं ओळखतात तिथं मी राहते, अवि. मले इथंच राहायचं हाये."

"मी बी तर इथचाच हावो."

हा वाद आपला संपलाच नाही. कधी दोन महिने बंद असायचा, मग एखाद्या रविवारी चहा ठेवता ठेवता पुन्हा सुरू. मला अजूनही वाटतं की माझ्या म्हणण्यात काहीतरी होतं. विधवा बाई, सरकारी ऑफिसातली नोकरी, लग्नाला आलेली प्राची. ओळखीच्या माणसांच्या नजरेतूनच मला रोज ये-जा करायची. तू रविवारी संध्याकाळी बस पकडून उकव्याच्या जंगलात निघून जायचास. हे मी तुला बोलले नव्हते. आज बोलते आहे, कारण तू उत्तर देणार नाहीस. आणि उत्तर न मिळाल्यावर ते किती लहान वाटतं, हेही बघते आहे.

तू अर्ज घेऊन आलास तो वार सोमवार होता. रॅलीच्या परवानगीचे अर्ज आमच्या ऑफिसात येतात आणि आवक-जावकचं टेबल माझं. तू हसत हसत कागद पुढे केलास, हिंदीत टाइप केलेला, खाली तुझी सही आणि देवेंद्रची. राजेगावचा देवेंद्र, ज्याला मी अकरा वर्षं 'तुझा मित्र' म्हणत आले, सायकलच्या दुकानात ज्याचे हात कायम काळे. अर्ज दिला की लोक आपल्या कॉपीवर शिक्का मागून घेतात. तू मागितला नाहीस. बहिणीकडे कोण पावती मागतो?

"साहेब मीटिंगले गेले," मी म्हणाले. "ठेवून जा, मी करते."

मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याच आठवड्यात तुमसरची मंडळी प्राचीला बघायला येणार होती. नंतर करू म्हटलं. मंडळी आली, पसंती झाली, मग याद्या, मग साखरपुडा. तू दोनदा विचारलंस. एकदा मी म्हणाले, वरून सही बाकी आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, इलेक्शनचं काम चाललं आहे. तू 'बरं' म्हणालास. तुम्ही ठरवलेला दिवस आला आणि गेला. मी कुणाचं काही वाईट केलं असं मला तेव्हा वाटलंही नाही. मुलीचं लग्न होईपर्यंत एक कागद थांबला, एवढंच वाटलं.

आणि प्राचीला सगळं माहीत होतं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी तिला आडून सांगायला गेले, तर म्हणाली, "मम्मी, मुझे तो कॉलेज से पता है. मामाने खुद बताया था. मी त्याच्या घरी पण सांगितलं आहे." त्याच्या म्हणजे होणाऱ्या नवऱ्याच्या. मी विचारलं, मग ते काय म्हणाले? "कुछ नहीं. म्हणाले, लग्नात लाइटिंग मामाच करणार ना?"

ती लाइटिंग तूच केलीस. दोन रात्री झोपला नाहीस.

पुढच्या वर्षी तुझा अर्ज पोस्टाने आला. रजिस्टर्ड. आपल्या घरापासून ऑफिस चालत दहा मिनिटं, रविवारी तू माझ्याच हातचं जेवून गेला होतास, आणि मंगळवारी पोस्टमनने तुझ्या नावाचा लिफाफा माझ्याच टेबलावर ठेवून माझीच सही घेतली. मला वाटलं, तू नियम पाळतो आहेस. मी तो आवक नोंदला, वर पाठवला. अटींसकट परवानगी आली. डीजे नाही, रस्त्याच्या डाव्या बाजूने, एका तासात संपवायचं.

मोर्च्याच्या दिवशी मी काली पुतली चौकात होते. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, हातात पिशवी, म्हणजे कुणी विचारलं तर गोळ्या घ्यायला आले असं सांगता यावं. तुम्ही आंबेडकर चौकाकडून आलात. अकरा माणसं मोजली मी. चार पोलीस वेगळे. पुढे तू आणि देवेंद्र, मागे गोंदियाहून आलेल्या दोघी किन्नर, बिरसा गावची एक नर्स, कॉलेजची काही मुलं, आणि एक म्हातारे गृहस्थ, जे कुणाचे तरी वडील असावेत. झेंडा मोठा होता, माणसं कमी, त्यामुळे मधे मधे तो खाली लोंबत होता आणि नर्सबाई उचलून धरत होत्या. घोषणा एकच, "हम भी बालाघाट के हैं." माझ्या शेजारच्या माणसाने दुकानदाराला विचारलं, "किसकी रैली है भाई?" दुकानदार म्हणाला, "पता नहीं, कोई पार्टी वाले होंगे." पलीकडे दोन पोरांनी शिट्टी मारली. एकाने काहीतरी घाण बोललं, आणि पोलिसाने त्याच्याकडे बघितल्यावर गप्प झाला. कुणी दगड मारला नाही. मी वर्षभर मनात जे जे बघितलं होतं त्यातलं काहीच झालं नाही.

मग तू मला बघितलंस.

दहा पावलं अंतर असेल. तू घोषणा देत होतास, तोंड उघडं होतं, आणि तुझे डोळे माझ्यावर येऊन थांबले. मी पिशवी छातीशी धरली. खरं सांगते, अवि, मी मनातल्या मनात म्हणाले, हाक मारू नको. आणि तू ते ऐकल्यासारखं केलंस. तू मान वळवलीस. आपली ओळखच नसल्यासारखा तू समोर बघायला लागलास आणि माझ्या पुढून निघून गेलास. जिथं ओळखतात तिथं चालायला निघालेला तू, आणि तिथं तुला सगळ्यात जास्त ओळखणाऱ्या बाईला ओळख लपवू दिलीस. प्राचीचं लग्न होऊन सात महिने झाले होते. त्या दिवशी माझ्याकडे कोणतं कारण होतं? मी अजून शोधते आहे.

प्राचीचे पप्पा गेले त्या वर्षी, पेपरातल्या त्या फोटोच्याही खूप आधी, आपल्या चुलतभावाचं लग्न होतं. मी आतल्या खोलीत म्हाताऱ्या बायकांत बसले होते, मुद्दाम, कुणाला अडचण नको म्हणून. तू आत आलास. "ताई, इथं काय करून राह्यली? पुढं चाल." मी नको म्हणत होते, काकू डोळ्यांनी खुणावत होत्या. तू माझा हात धरलास, सगळ्या मांडवातून मला चालवत नेलंस आणि पहिल्या रांगेत बसवलंस, आणि स्वतः शेजारी बसलास. तू तेव्हा पंचवीस-सव्वीसचा असशील. लोक बघत होते. तू माझा हात अक्षता पडेपर्यंत सोडला नाहीस. तो मांडव किती लांब वाटला होता मला! तू ज्या पहिल्या मोर्च्यात चाललास तो नागपूरचा नव्हता. हे मी तुला कधी म्हणाले नाही.

मोर्च्याच्या संध्याकाळी तू जेवायला आलास. मी पाटवडीचा रस्सा केला होता, तुला आवडतो म्हणून, आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. तू दोनदा रस्सा घेतलास. मी म्हणाले, "पाय दुखून राह्यले असतील."

"थोडंसंच तर अंतर हाये, ताई."

"ऊन होतं पण."

"हौ. ऊन होतं." मग ताटात बघत म्हणालास, "औषध भेटलं का तुले?"

मी म्हणाले, "भेटलं." एवढंच आपण त्यावर बोललो. तुझ्या आवाजात टोमणा नव्हता, मी खूप वेळा आठवून बघितलं आहे. असता तर बरं झालं असतं.

तुला ताप आला तेव्हा फोनवर तू 'थोडासा' म्हणालास. मी म्हणाले, गोळी घेऊन झोप. तिसऱ्या दिवशी देवेंद्रचा फोन आला, मलेरिया डोक्यात गेला म्हणून. बालाघाटहून तुला गोंदियाला नेताना अॅम्ब्युलन्समध्ये एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी. राजेगाव मागे पडलं नसेल, तेवढ्यात तुझा श्वास थांबला. त्याच्या गावाजवळ. त्याने तुझा हात सोडला नाही आणि मी त्याला सोड म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी घाटावर काकांनी विचारलं, "हा पोरगा कोण?" आणि मी म्हणाले, "अविचा मित्र." देवेंद्र ऐकत होता. तो दोन पावलं मागे सरला.

तेराव्याचं आटपून माणसं गेली तेव्हा तो मागे थांबला. मला भांडी आवरू लागला. मी नको म्हटलं तरी ऐकेना. मग तिथेच उभं राहून म्हणाला, "ताई, एक सांगू? तुम्हाले वाईट वाटन."

"सांग."

"अविले माहीत होतं. पयल्या अर्जाचं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तुम्ही एकदा बिमार होत्या तर त्याले ऑफिसात पाठवलं होतं ना, ड्रॉवरमधून चष्मा आणाले. तेव्हा दिसला त्याले."

मला तो दिवस आठवला. मीच पाठवलं होतं, तापात, ड्रॉवरमध्ये अजून काय आहे हे विसरून. तू चष्मा आणलास, काच पुसून दिलीस, आल्याचा चहा केलास. तासभर पायाशी बसून होतास.

"मी लई चिडलो," देवेंद्र म्हणाला. "म्हटलं, जाऊन इचार तिले. तर अवि म्हणे, ताईनं फाडला नाही ना. फाडला असता तर भांडलो असतो. ठेवला हाये, म्हणजे इचार करून राह्यली. करू दे. प्राचीचं लग्न होऊन जाऊ दे."

अवि, मी विचार करत नव्हते. मी फाडायलाही घाबरले होते. तुझा माझ्याबद्दल एवढा एक गैरसमज होता आणि तो घेऊन तू गेलास. तो दूर करावा की तसाच राहू द्यावा हे मला कळत नाही. तू माझ्यापेक्षा माझ्याबद्दल चांगला विचार करायचास. लहानपणापासून. मी भाजी करपवली तरी म्हणायचास, अशीच छान लागते.

देवेंद्र निघाला तेव्हा मी त्याला म्हणाले, "रविवारी येत जा जेवाले." तो 'हौ' म्हणाला. दोन रविवार झाले, आला नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही आले नसते. पण मी दोन्ही रविवारी त्याच्यापुरते तांदूळ जास्त घातले.

आता कालचं सांगते, आणि थांबते. ऑफिसात जेवणाची सुट्टी होती. आमच्या सेक्शनच्या वर्मा मॅडम, तू त्यांना दोनदा भेटला आहेस, शेजारी डबा खात होत्या. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "शैला, एक बात पूछूँ? बुरा मत मानना. पिछले साल वो जो रैली निकली थी चौक में, वो... उसमें तुम्हारा भाई था क्या?"

माझ्या हातात पोळीचा तुकडा होता. तो मी डब्यात ठेवला. 

"हाँ," मी म्हणाले. "मेरा भाई था. उसी ने निकाली थी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "अच्छा," म्हणाल्या. मग डब्याचं झाकण लावलं, रुमालाला हात पुसले. "बड़े बाबू तुमको ढूँढ रहे थे सुबह. मिल लेना."

आणि त्या हात धुवायला गेल्या.

एवढंच होतं ते, अवि.